जांघेतून वाट नसली, तरी उपचार असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटातील महाधमनीच्या फुगवट्यावर, म्हणजे अ‍ॅन्युरिझमवर, पोट न उघडता स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, आतून बसवण्याबद्दलचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. माहिती अचूक आहे. मात्र ‘जांघेतील धमनीतून नळी सरकवतात’ एवढे सांगून लेख पुढे जातो. रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक म्हणून सांगतो, काही रुग्णांचे घोडे नेमके तिथेच अडते.

घडी घातलेला ग्राफ्ट ज्या नळीतून जातो तिचे माप ‘फ्रेंच’ या एककात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. 18-20 फ्रेंचची नळी जायची तर ओटीपोटातली इलियाक धमनी साधारण 7 मिलिमीटर रुंद लागते. स्त्रियांमध्ये ती मुळातच अरुंद असते. वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्यांमध्ये कॅल्शियम साचून कडक आणि वेडीवाकडी झालेली दिसते. अशा धमनीत नळी रेटणे अतिशय धोक्याचे, कारण धमनी फाटू शकते. फाटलेली जागा नळीनेच बुजलेली राहते आणि नळी बाहेर काढताच रक्तस्राव सुरू होतो.

म्हणून दुसरी वाट आधीच ठरवावी लागते. मला सर्वांत भरवशाची वाटते ती कृत्रिम नळीची: कुशीत छेद घेऊन, पोटाच्या आवरणामागून रुंद कॉमन इलियाक धमनीपर्यंत जायचे, तिला 8-10 मिलिमीटरची डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवायची आणि ग्राफ्ट तिच्यातून न्यायचा. छेद मोठा होतो, रक्त जास्त जाते, रुग्णालयातला मुक्कामही वाढतो. तरीही धमनी फाटण्यापेक्षा हे कितीतरी बरे. काही ठिकाणी अरुंद धमनीत आतून आवरणयुक्त स्टेंट बसवून ती फुग्याने रुंद करतात, तर अलीकडे ध्वनिलहरींनी कॅल्शियमला तडे देतात. काखेतून किंवा मानेतील कॅरॉटिड धमनीतूनही जाता येते, पण तिथे पक्षाघाताचा धोका असतो. शेजारच्या महाशिरेतून महाधमनीत शिरण्याची पद्धत माणसांत 2013 साली हृदयाच्या झडपेसाठी प्रथम वापरली गेली. ती अनुभवी हातांतच शोभते.

नव्या उपकरणांच्या नळ्या बारीक होत आहेत, त्यामुळे अशी वेळ आता कमी येते. पण ‘तुमच्या धमन्या बारीक आहेत, काही करता येणार नाही’ एवढ्यावर कोणी घरी परतू नये. सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन) जांघेपर्यंत झाली आहे का, इलियाक धमनी किती मिलिमीटर आहे आणि या पथकाने कृत्रिम नळीची शस्त्रक्रिया केली आहे का, हे जरूर विचारावे. प्रकृती धडधाकट असेल तर पोट उघडून केलेली जुनी शस्त्रक्रियाही आजही उत्तम पर्याय आहे. पुढच्या लेखात आपण या पर्यायांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक