बंड्या, दिल्याचा व्हिडिओ पाहिला

प्रिय बंड्या,

तू पाठवलेला आपल्या बॉक्सिंगवाल्या दिल्याचा व्हिडिओ पाहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून हे भागणार नाही म्हणून मेल लिहितोय, लांब होणार आहे, चहा घेऊन बस. इकडे सगळे ठीक. शुगर आहे तिथंच आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता पेपरातल्या छोट्या जाहिराती पण मोठ्यानं वाचून दाखवते.

तू खाली लिहिलंस 'बघ आपला वाघ अजून नाचतोय'. नाचतोय खरा, भाचीच्या वरातीत नाचणारच तो. पण परत एकदा बघ. मध्येच तो थांबतो, शेजारच्याला काहीतरी विचारतो, तो माणूस उत्तर देतो, दिल्या मान हलवतो आणि जरा वेळानं त्याच माणसाला तेच विचारतो. बँडमुळे ऐकू येत नाही पण ओठ बघ ना, तेच शब्द आहेत. आणि डावा हात. उजव्या हातानं तो डावा हात धरून ठेवतो, नाचताना कोण असं करतं? अरे तो आपल्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा.

मी मेधाला दाखवला, तिला काही दिसलं नाही. तिला दिसणार पण नाही, तिनं दिल्याला खडकीच्या हॉलमध्ये पाहिलेलं नाही. बीईजीची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर ग्रुपची पोरं आली की आपण सगळे कसे अंग चोरून उभे राहायचो आणि हा पठ्ठ्या गार्ड, म्हणजे तोंडासमोरचे हात, खाली सोडून चालत पुढं जायचा, तीन खायचा, एक द्यायचा आणि वर हसायचा. मास्तर ओरडायचे, 'हे बघा, याला म्हणतात जिगर.' ती ससूनची बस आठवते? फायनल जिंकून आपण परत येत होतो, दिल्या खिडकीशी बसला होता, आणि कॅम्प आल्यावर त्यानं तुला विचारलं, 'माझी बाउट किती वाजता आहे रे?' मेडल गळ्यात होतं त्याच्या. सगळी बस हसली, मास्तर सगळ्यात जास्त. तेव्हा कोणाला काय माहीत होतं. मला तो प्रश्न आता झोपू देत नाही.

कारण सांगतो. ज्या दिवशी तुझा व्हिडिओ आला त्याच दिवशी दुपारी ईशानची बाउट होती. पोरगा जिंकला, ते तुला फोटोवरून कळलंच. पण दुसऱ्या राऊंडमध्ये समोरच्या उंच पोरानं त्याला एक उजवा मारला, सरळ हनुवटीवर, हॉलमध्ये 'ओह्' असा आवाज झाला, आणि ईशान हलला नाही. मागेही गेला नाही. हसला. बंड्या, तेच हसू, गमशील्ड दाखवून. नंतर त्याचा कोच माझा हात हातात घेऊन हलवत म्हणाला, तुमच्या पोराची चिन ग्रॅनाइटची आहे, हे शिकवता येत नाही, हे जन्मजात लागतं. आजूबाजूचे आईबाप माझं अभिनंदन करत होते. ईशान गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलला माहितीये? 'बाबा, तो पंच बघितलास? मला काहीच झालं नाही.' जिंकल्याचं नंतर.

आणि मग घरी येऊन फोन उघडला तर तुझा व्हिडिओ.

आता इथं अडचण अशी की हे गाव म्हणजे जॉर्ज च्युवालोचं गाव. टोरंटोच्या जंक्शन भागात वाढलेला, क्रोएशियन आईबापांचा मुलगा. ९३ प्रोफेशनल फाईट, त्यातल्या ७३ जिंकल्या, ६४ नॉकआउटने, आणि एकदाही, एकदाही खाली पडला नाही. इथल्या जिममधल्या प्रत्येक पोराला हे पाठ आहे. २९ मार्च १९६६ ला मेपल लीफ गार्डन्समध्ये तो अलीसमोर पंधरा राऊंड उभा राहिला. मुळात ती मॅच अमेरिकेत अर्नी टेरेलशी व्हायची होती, अली व्हिएतनामबद्दल बोलला आणि तिकडे कोणी जागा देईना, मग टेरेलनं माघार घेतली आणि च्युवालोला जेमतेम अडीच आठवडे आधी बोलावलं. हरला पण उभा होता. नंतर तो सांगायचा, अली हॉस्पिटलला गेला, मी बायकोला घेऊन डान्सला गेलो. त्या इमारतीत आता खाली सुपरमार्केट आहे, ईशान पहिल्यांदा गेला तेव्हा दुधाच्या पिशव्यांशेजारी उभं राहून त्यानं फोटो काढून घेतला. पुढे त्या माणसाच्या घरी जे झालं, एकामागून एक तीन मुलं गेली, बायको गेली, तरी तो शाळाशाळांत जाऊन मुलांना ड्रग्जबद्दल सांगत फिरला. माणूस म्हणून माझा त्याला दंडवत आहे. पण ईशानला तो माणूस माहीत नाही रे, त्याला फक्त 'कधीच पडला नाही' एवढंच माहीत आहे.

मी त्याला म्हटलं, १९६७ ला न्यूयॉर्कला जो फ्रेझरनं त्याचं काय केलं ते बघ. चौथ्या राऊंडला रेफ्रीनं थांबवली तेव्हा डोळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि डोळा दिसत नव्हता. १९७० ला फोरमननं तिसऱ्यात. दोन्ही वेळा उभाच होता! तर पोरगं म्हणतं, 'एक्झॅक्टली बाबा, उभाच होता.' आता याला काय सांगायचं.

मी त्याला जे सांगायचा प्रयत्न करतोय आणि मला नीट जमत नाहीये ते तुला सांगतो, तू दुरुस्त कर. पंच हनुवटीवर बसला की डोकं गर्रकन वळतं. मेंदू आत एकदम घट्ट बसवलेला नाहीये, एसटीत डब्यातलं दही हिंदकळतं तसा तो हिंदकळतो, आणि त्या वळण्यानंच माणूस आडवा होतो. ज्याची मान जाड, ज्याने हनुवटी छातीशी दाबलीय, ज्याला पंच येताना दिसलाय, त्याचं डोकं कमी वळतं, म्हणून तो पडत नाही. इथपर्यंत चांगलंच आहे, मान कमवायलाच पाहिजे. पण कमी वळतं म्हणजे वळतच नाही असं नाही. जो पडतो त्याला रेफ्री दहापर्यंत मोजतो आणि मॅच संपते, त्या दिवसापुरता त्याचा मार संपतो. जो पडत नाही त्याचा मार चालू राहतो. पुढच्या राऊंडला, पुढच्या मॅचला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोज संध्याकाळी स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, जिथं कोणी मोजत नाही. आपल्याकडे दिल्याबरोबर स्पारिंगला सगळे रांग लावायचे कारण त्याला कितीही मारलं तरी तो चिडायचा नाही. मी पण रांगेत असायचो, तू पण.

मेधा म्हणते हेडगिअर घालतो ना तो. हेडगिअरनं भुवई फुटत नाही, पण आतलं हिंदकळणं त्यानं थांबत नाही, म्हणून तर २०१३ मध्ये मोठ्या पुरुषांच्या अ‍ॅमॅच्युअर बॉक्सिंगमधून ते काढलं.

आणि हे काही नवं नाही. १९२८ मध्ये मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं लिहून ठेवलंय 'पंच ड्रंक' म्हणून, दारू न पिता झोकांड्या जाणारे बॉक्सर. जेरी क्वॉरी घे. च्युवालोनं १९६९ ला त्याला सातव्या राऊंडला हरवलं होतं, पण एरवी क्वॉरी म्हणजे मार खाऊन उभा राहणारा. १९९२ ला, सत्तेचाळिसाव्या वर्षी, हजारेक डॉलरसाठी कोलोरॅडोत परत रिंगमध्ये उतरला. १९९९ च्या जानेवारीत गेला, ५३ व्या वर्षी. शेवटी शेवटी त्याला शर्ट घालता येत नव्हता, जेवण भरवावं लागत होतं. त्याचा धाकटा भाऊ माईक, तोही बॉक्सर, तोही तसाच गेला, पंचावन्नाव्या वर्षी. ५३ म्हणजे किती रे बंड्या, तू मी दिल्या, आपण सगळे तिथेच आहोत.

मला माहितीये तू काय म्हणणार. तू म्हणणार जेक लामोटा, तो जुना मिडलवेट चॅम्पियन. १४ फेब्रुवारी १९५१, शिकागो, तेराव्या राऊंडला दोर धरून उभा, रॉबिन्सन मारतोय मारतोय आणि हा पडत नाही, आणि तरी ९५ वर्षं जगला. हो जगला. ईशानला पण हे माहितीये, त्यानं मला लगेच ऐकवलं. एक लामोटा वाचला म्हणून दिल्या वाचतो का? कोणाच्या मेंदूचं काय होणार हे आधी सांगणारी कुठली टेस्ट नाही, मार खाऊन होणारा मेंदूचा आजार नक्की तोच होता हे सुद्धा माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच कळतं.

मनिलावरून, म्हणजे अली-फ्रेझरच्या १९७५ च्या मॅचवरून, आपलं जे भांडण झालं होतं ते आठवतं का, तुझ्या गच्चीत, रात्री दोन वाजता, खालचे काका ओरडले होते. तू म्हणत होतास फ्रेझरचा कोच फ्यूचनं मॅच थांबवायला नको होती, त्याला पंधराव्या राऊंडला उतरू द्यायलाच पाहिजे होतं, अली त्या बाजूला कोसळायला आला होता, तीन मिनिटांचा प्रश्न होता, कोचनं आयुष्याची कमाई घालवली. तू तर रडवेला झाला होतास. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आज जास्त जोरात म्हणतो, एडी फ्यूच बरोबर होता. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासून अधू, उजवा सुजून बंद, त्याला अलीचे उजवे दिसतच नव्हते, आणि न दिसणारा पंच सगळ्यात जास्त लागतो. फ्रेझर 'थांबवू नका' म्हणत होता, तो तसंच म्हणणार, ते त्याचं काम. नको म्हणायचं काम कोपऱ्यातल्या माणसाचं. दिल्याच्या कोपऱ्यात कोण होतं? जिगर म्हणून ओरडणारे मास्तर आणि बादली घेऊन आपण दोघं. मी मास्तरांना शिव्या देत नाहीये, त्यांनी आपल्याला पोरासारखं वाढवलं, स्वतःच्या पैशानं अंडी खायला घातली. पण आज ईशानच्या कोपऱ्यात जो माणूस बसलाय तो पण ग्रॅनाइट म्हणतोय, आणि त्या शब्दानंतर त्यानं पोराला गार्ड शिकवणं सोडून दिल्यासारखं वाटतंय मला. पडतच नाही तर चुकवायला कशाला शिका.

अली सुद्धा बघ ना. १९७४ ला किन्शासात दोराला टेकून फोरमनचा मार खाल्ला आणि जिंकला, सगळं जग वेडं झालं, आपण पण. पण त्याच्या आधीपासून जिममध्ये तो स्पारिंगवाल्यांना मुद्दाम मारू द्यायचा, सवय व्हावी म्हणून. १९७७ ला शेव्हर्सचे पंधरा राऊंड खाल्ले, त्यानंतर त्याचा डॉक्टर पाचेको म्हणाला आता बंद कर, कोणी ऐकलं नाही, पाचेको सोडून गेला. तरी १९८० ला होम्सशी लढला, १९८१ ला बर्बिकशी. १९८४ ला पार्किन्सन्सचं निदान. अ‍ॅटलांटाला १९९६ मध्ये त्यानं ज्योत पेटवली तेव्हा तो थरथरणारा हात बघून तू टीव्ही बंद केला होतास, दिल्या तेव्हा आपल्या शेजारीच बसला होता.

एक गोष्ट मात्र तुला द्यायलाच हवी. हॅगलर. तू कायम म्हणायचास १९८७ ला लेनर्डनं पॉइंटवर हरवलं त्या निकालानंतर हॅगलर रुसून बसला, बायकांसारखा (हे वाक्य वहिनींसमोर बोललास आणि तीन दिवस डबा मिळाला नव्हता, बरं झालं). तो निकाल चुकीचा होता हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण त्या माणसाकडे हर्न्सचे पंच खाऊन पुढे येणारी चिन होती आणि तरी तो एरवी डोकं हलवायचा, जॅब मारायचा, गरज नसताना खायचा नाही. आणि १९८७ नंतर कितीही पैसे दाखवले तरी परत आला नाही, इटलीला जाऊन राहिला. ईशानला हॅगलर आवडतो. त्याच्याकडून हॅगलरबद्दल मी ऐकतो, माझ्याकडून तो ऐकत नाही, कारण मी बाप. तुझं ऐकतो. बंडूकाका म्हणजे मिसळ हाणून वजनाला गेलेला आणि मग मे महिन्यात दोन स्वेटर घालून होळकर पुलापर्यंत पळालेला माणूस, ती गोष्ट त्यानं इथल्या सगळ्या जिमला सांगितलीये.

तर दोन कामं आहेत तुझ्याकडे.

पहिलं, दिल्याच्या भावाला गाठ. फोनवर नको, घरी जा. त्याला दिल्याला न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायला सांग आणि बॉक्सिंगचं सगळं डॉक्टरला सांगायला सांग, किती वर्षं, किती मार, सगळं. नुसतं 'विसरतो हल्ली' म्हणून नको. खर्चाचा विषय निघाला तर मी आहे, दिल्याला कळू न देता. तो गाडी चालवतो का अजून तेही बघ.

दुसरं, ईशानशी बोल. बॉक्सिंग सोड म्हणू नकोस, मलाही ते नकोय, रिंगमध्ये तो इतका छान दिसतो की मला माझाच पोरगा ओळखू येत नाही. त्याला फक्त दिल्याकाका कसा खेळायचा ते सांग. आणि मग त्या बसमधलं सांग. मी सांगायला गेलो आणि माझा आवाज बसला, पोरगं घाबरलं आणि विषयच बदलला.

तुझ्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचं काय झालं, सही केलीस का नाही? घाई करू नकोस. सईचे बारावीचे मार्क कळले, माझ्याकडून तिला पार्टी, ती आर्किटेक्चरलाच जाऊ दे, तू मध्ये बोलू नकोस. वहिनींना नमस्कार, त्यांच्या शाळेचं ते प्रकरण मिटलं असेल अशी आशा करतो.

ईशान शनिवारी रात्री नऊनंतर मोकळा असतो, तुमच्याकडे रविवारी सकाळचे साडेसहा. तू उठलेला असतोसच. मी सांगितलंय म्हणून फोन केलास असं मात्र बोलू नकोस, हॅगलरवरून सुरू कर, पुढचं आपोआप येईल.

तुझा,
सुध्या