आधी बॅटरीचा हिशेब मांडा

माथेरानसारख्या वारसा मार्गांवर हायड्रोजनवरील गाड्या चालवण्याच्या ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ योजनेत रेल्वेने एका गाडीला अंदाजे 80 कोटी आणि प्रत्येक मार्गावरील पायाभूत सुविधांना 70 कोटी रुपये धरले आहेत. खरी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे. विजेपासून हायड्रोजन बनवायचा, प्रचंड दाबाखाली साठवायचा आणि गाडीत त्याची पुन्हा वीज करायची. या खटाटोपात निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. तारेतली वीज मात्र थेट इंजिनाला मिळते. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याने 2022 मध्ये हायड्रोजन गाड्या धावत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी नव्या खरेदीसाठी बॅटरीवरील गाड्यांना पसंती दिली. आणि डोंगरात तारा नेता येत नाहीत असेही नाही; कोकण रेल्वेच्या बोगद्यांतूनही वीज पोचली! माथेरानच्या रुळांवर हायड्रोजन आणण्यापूर्वी रेल्वेने बॅटरीच्या पर्यायाचा खर्च जाहीर करावा.

– एक प्रवासी, नेरळ