नाशिकच्या गंगेवरच्या (गोदाघाटावरच्या) माकावाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

दोन्ही वेळा तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची नात मोबाईल वाचते म्हणाला होतात. ती वाचून दाखवेल.

मागच्या भाद्रपदात बाबांचं पितृपक्षातलं पहिलं श्राद्ध होतं. गुरुजींच्या यादीत दर्भ, तीळ, तुळस आणि त्याखाली 'माका' लिहिलं होतं. इंदिरानगरला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पांढरट फुलांचं रान माजलेलं असतं, तोच माका समजून मी मूठभर खुडून आणला. गुरुजी म्हणाले, "ताई, ही एकदांडी. माका नव्हे." बाबांच्या श्राद्धाला काही कमी पडणार या विचारानेच मला रडू आलं. तशीच स्कूटर काढली आणि गंगेवर आले.

तुम्ही माक्याची जुडी नुसती हातात दिली असतीत तरी माझं काम झालं असतं. पण तुम्ही एक पान तळहातावर चुरडलंत आणि म्हणालात, "आता बघत राहा." हिरवा रस बघता बघता काळपट झाला. मग माझ्या पिशवीतली एकदांडी शेजारी ठेवलीत. तिचं फूल वीतभर लांब दांडीवर एकटंच, मधे पिवळं, कडेला मोजक्या पाकळ्या आणि त्यांच्या टोकाला खाचा. माक्याचं फूल शर्टाच्या बटणाहून लहान, मधेही पांढरं, पानाच्या बगलेतून आलेलं. पानं समोरासमोर, लांबट, देठ जवळपास नाहीच, हाताला खरखरीत. "एकदांडीची म्हातारी उडते, माक्याची उडत नाही," हे तुमचं वाक्य मला पाठ झालंय. एकदांडीलाही तुम्ही नावं ठेवली नाहीत. खरचटलं की तिचाच पाला चोळून लावतो, म्हणालात.

दोन्ही झाडं सूर्यफूल-शेवंतीच्याच कुळातली, हे मी नंतर वाचलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ असतो. भिंग घेऊन माक्याचं ते बटण पाहिलं, तर कडेला पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पाकळ्या आणि मधे इवल्या इवल्या नळ्या. मी किती वेळ तशीच बसून होते!

तुम्ही जुडीबरोबर मुळं फुटलेली एक फांदी दिलीत, तिचे पैसेही घेतले नाहीत. ती मात्र मी घालवली. तुळशीसारखी कुंडी वाळू दिली, मग पाणी घातलं. पंधरा दिवसांत काडी झाली. बुधवारच्या बाजारात तुम्हाला गाठून सांगितलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. "अगं, तो पाटाच्या कडेचा, भाताच्या बांधावरचा. त्याचे पाय ओले पाहिजेत," म्हणालात आणि दुसरी फांदी दिलीत.

या वेळी भोक नसलेल्या जुन्या टबात काळी माती भरली आणि टब बाल्कनीत उन्हाला ठेवला. माती कधी सुकू दिली नाही. फांदी आडवी पसरली आणि जिथे जिथे पेर मातीला टेकलं तिथे मुळं धरली. फुलांच्या हिरव्या चकत्या वाळून काळ्या झाल्या, तेव्हा बी झाडून घेतलं. अर्धं बी मातीत दाबलं, त्यातलं जवळपास काहीच आलं नाही. अर्धं नुसतं वर भुरभुरवलं, ते हिरवंगार उगवलं. माक्याच्या बीला रुजायला उजेड लागतो, हे तेव्हा कळलं.

आता टब भरून वाहतोय. आईच्या तेलात पडतो, शेजारच्या दोन घरांत रोपं गेली. यंदा बाबांच्या तिथीला माका घरचाच असेल. त्याच्या आदल्या बुधवारी मी बाजारात येते आहे. तुमच्यासाठी दोन जुड्या बांधून आणेन, आणि या खेपेला आधी नाव विचारेन.

तुमची,
इंदिरानगरची स्कूटरवाली