वर्गातला वेळ चर्चेलाच हवा

‘व्याख्यान घरी, चर्चा वर्गात’ या, म्हणजे विद्यार्थ्यांनी व्याख्यानाचा व्हिडिओ घरी पाहून येऊन वर्गात चर्चा करण्याच्या, पद्धतीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. पद्धत योग्यच आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या २२५ अभ्यासांचे विश्लेषण २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत २२ टक्के आढळले. मात्र लेखाचा सारा भर व्हिडिओंवर आहे, तो मला पटला नाही. हा फरक वर्गातल्या कामामुळे पडतो. विद्यार्थी शेजाऱ्याशी वाद घालतो, फळ्यावर चुकतो, शिक्षक तिथल्या तिथे अडवतो. शंभरावर मुलांच्या, बाके जमिनीला ठोकलेल्या वर्गात हे कसे घडणार?

दुसरे, पुण्यातील कितीतरी मुले मराठवाड्यातून, खानदेशातून येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहतात, ‘कमवा व शिका’ योजनेत किंवा बाहेर कामे करतात. व्हिडिओ पाहायला त्यांना शांत जागा तरी हवी! म्हणून महाविद्यालयांनी आधी तुकड्या लहान कराव्यात, ग्रंथालये रात्री उशिरापर्यंत खुली ठेवावीत आणि व्हिडिओ पाहण्याचा वेळ वेळापत्रकातच धरावा.

– एक प्राध्यापिका, पुणे