व्हेलचा आवाज आणि तीन मुखवटे

महोदय,

आधुनिक पाश्चात्त्य संगीत म्हणजे कर्कश गोंगाट, असं आपल्याकडचे संगीतप्रेमी बिनदिक्कत सांगतात. मीही फार वेगळं मानत नव्हतो. पण जॉर्ज क्रम या अमेरिकन संगीतकाराची १९७१ची 'व्हॉक्स बालेनाय' (म्हणजे 'व्हेलचा आवाज') ही रचना जरूर ऐकावी. बासरी, चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य) आणि पियानो अशी मुख्य वाद्यं तीनच, तिन्ही ध्वनिवर्धकावर. हंपबॅक व्हेलच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणावरून ती सुचली. सुरुवातीलाच बासरीवादक फुंकता फुंकता त्याच वाद्यात गातो. ऐकणाऱ्याला माणूस कुठे संपला आणि वाद्य कुठे सुरू झालं, याचा पत्ता लागत नाही. चेलोच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावलेल्या. पियानोवाला तर सरळ वाद्याच्या पोटात हात घालतो. तारांवरून छिन्नी फिरवतो, पेपरक्लिप वापरतो. (पियानोच्या मालकाचं काय होत असेल, देव जाणे!) तिघांनी काळे अर्धमुखवटे घालावेत आणि रंगमंचावर गडद निळा प्रकाश असावा, ही क्रम यांचीच सूचना.

हे सगळं नाटकी वाटेल, पण ऐकताना सूर लांबवण्याची, शांतता सांभाळण्याची त्यांची रीत विलंबित ऐकणाऱ्या कानांना परकी वाटत नाही. हे माझं मत. जाणकारांनी खुशाल वाद घालावा.

आपल्या रविवार पुरवणीत गाण्याच्या मैफलींना जागा मिळते, ती मिळायलाच हवी. महिन्यातून एखादा कोपरा अशा संगीताला दिलात, तर बरं होईल.

– एक वाचक, ठाणे