तिकिटावर विमानतळाचे नाव ठळक हवे

माननीय संपादक,

नावातल्या साधर्म्यामुळे विमानप्रवासी भलतीकडेच पोहोचल्याचे किस्से चवीने सांगितले जातात. इंग्लंडमधले आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम, स्पेनमधले ग्रॅनडा आणि कॅरिबियन समुद्रातले ग्रेनेडा ही त्यातली ठरलेली उदाहरणे. मात्र तिथे निदान देशाचे नाव वाचले तरी चूक उमगते. खरी फजिती होते ती एकाच शहराच्या नावावर एकाहून अधिक विमानतळ असतात तेव्हा.

तिकिटांच्या संकेतस्थळावर शहराचे नाव टाकले, की बहुधा त्या शहराचे सारे विमानतळ एकत्र धरले जातात. टोकियो म्हटले की हानेडाही आले आणि शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर असलेले नारिताही. नारिताला उतरून हानेडाहून पुढचे विमान पकडायचे असले, तरी ठळक अक्षरांत दोन्हीकडे 'टोकियो'च दिसते आणि मधले चार तास ऐसपैस वाटतात. प्रत्यक्षात विमानतळ बदलायचा म्हणजे त्या देशात प्रवेश करणे आले. त्यासाठी व्हिसा लागत असेल तर तो आधीच काढलेला हवा, सामान सहसा स्वतः सोडवून घ्यावे लागते आणि दुसरीकडे ते पुन्हा तपासणीला द्यावे लागते. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर चुकलेल्या विमानाची भरपाई दुसरी कंपनी सहसा देत नाही. नावात पॅरिस असलेले बोवे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, आणि फ्रँकफर्टचे नाव लावणारे हान तर शंभराहून अधिक. याला सोय म्हणावे की विक्रीची चलाखी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तीन अक्षरी कोड पाहावा, हा सल्ला योग्यच आहे, पण जुन्या आठवणीवर विसंबून चालत नाही. इस्तंबूलचा 'आयएसटी' हा कोड २०१९ मध्ये अतातुर्क विमानतळाकडून नव्या विमानतळाकडे गेला. बँकॉकचा 'बीकेके' २००६ मध्ये डॉन मुआंगकडून सुवर्णभूमीकडे.

म्हणून विमान कंपन्यांना आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांना विनंती आहे, की शहराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत विमानतळाचे नाव द्यावे आणि मध्ये विमानतळ बदलावा लागणार असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तशी स्पष्ट सूचना दाखवून प्रवाशाची संमती घ्यावी.

आपला,
एक प्रवासी वाचक