हेलिकॉप्टर उतरणार कुठे?

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या कांदाटी खोरे, तापोळा, बामणोली या दुर्गम भागातल्या अत्यवस्थ रुग्णांसाठी हेलिकॉप्टर हवे, ही मागणी रास्तच आहे. मात्र ती करताना सगळे बोलतात ते उड्डाणाबद्दल. गाडे अडते जमिनीवर.

महाबळेश्वर ते पुणे हवाई अंतर साधारण ७० किलोमीटर, म्हणजे वीस-बावीस मिनिटे. पण हेलिकॉप्टर आधी पुण्याहून इकडे यावे लागते. निरोप, हवामानाची खातरजमा, रुग्ण चढवणे आणि रुग्णालयाला हेलिपॅड नसेल तर उतरल्यावर पुन्हा १०८ ची गाडी, हे सगळे धरले की वाचवलेला वेळ यातच खर्ची पडतो.

उतरायला निदान ३० मीटर लांब-रुंद, सपाट आणि टणक जागा हवी. सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा. वरून तार दिसत नाही, फार तर खांब दिसतो; म्हणून खांब कोणत्या बाजूला आहेत हे वैमानिकाला आधीच कळवावे लागते. मैदानावर पाणी मारले नाही तर धुळीत जमीनच दिसेनाशी होते. फक्कीने आखलेली खूण पहिल्या झोतात उडून जाते, ती चुन्याच्या पाण्याने आखावी. सुटे पत्रे, ताडपत्री, पताका आधी हलवाव्यात. पाती थांबून वैमानिकाने खूण करेपर्यंत कोणी जवळ जाऊ नये. गेल्यास समोरून, शेपटीकडून कधीच नाही. उतारावर हेलिकॉप्टर उभे असेल तर चढाच्या बाजूने येणाऱ्याच्या डोक्याजवळ पाती येतात. (पुढाऱ्यांच्या सभेसाठी हे सारे दोन दिवसांत बिनबोभाट होते, म्हणजे करता येत नाही असे नाही.)

रुग्णाचीही तयारी लागते. बरगड्या मोडून छातीत हवा साठली असेल, तर नळी टाकल्याशिवाय त्याला उचलू नये. उंचीवर ती हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस आणखी दबते. हृदय थांबले तर लहान केबिनमध्ये छातीवर दाब देणे जवळपास अशक्य, आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी. सर्पदंशाच्या रुग्णाला विषबाधेची लक्षणे दिसत असतील तर प्रतिविषाच्या पहिल्या ८ ते १० कुप्या ग्रामीण रुग्णालयातच द्यायच्या. हेलिकॉप्टरची वाट पाहत त्या रोखून धरणे जिवावर बेतते.

आणि पावसाळा. दरडी कोसळून घाट बंद पडतो, नेमके तेव्हाच महाबळेश्वरचा माथा ढगात असतो. डोळ्यांनी डोंगर दिसल्याशिवाय अशा खोऱ्यात उतरता येत नाही. त्यामुळे शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयातली लाँच आणि घाटातली १०८ यांच्या पैशाला कात्री लावून ही सेवा आणू नये.

जिल्हा प्रशासनाने आधी जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतली मैदाने मोजून घ्यावीत. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश, तारांची दिशा आणि पावसाळ्यात तिथे चिखल होतो का, याची यादी १०८ च्या नियंत्रण कक्षाला द्यावी. मैदान शाळेचे असेल तर सुट्टीत फाटकाची किल्ली कोणाकडे असते, तेही त्यात लिहावे.

– आपत्कालीन सेवेतील काही कर्मचारी, सातारा